एपीआयचे गुण आणि कोणी न वाचलेले शोधनिबंध

महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला बढती कशाच्या आधारावर द्यावी, या जुन्या वादाला विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० जून २०१० च्या विनियमांत आकड्यांत उत्तर दिले. 'अकॅडेमिक परफॉर्मन्स इंडिकेटर' हे त्याचे पूर्ण नाव. स्टाफरूममध्ये मात्र ते 'एपीआय' म्हणूनच रुळले. शिक्षकाच्या कामाचे अध्यापन व मूल्यमापन, महाविद्यालयाच्या इतर उपक्रमांतील सहभाग आणि संशोधन असे तीन गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटातील बारीकसारीक कामाला गुण ठरले. 'रेफरीड', म्हणजे तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या नियतकालिकात शोधनिबंध छापून आला की १५ गुण; तसे परीक्षण नसलेल्या, पण आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी) क्रमांक असलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकात आला की १०; आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १०, राष्ट्रीय चर्चासत्रात साडेसात, राज्यस्तरावर ५ आणि स्थानिक पातळीवर ३. लेखक एकाहून अधिक असतील तर मुख्य लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून एकूण गुणांच्या ६० टक्के आणि उरलेले ४० टक्के बाकीच्यांत वाटून, इतक्या तपशिलापर्यंत हे कोष्टक गेले होते. ठरावीक वर्षांत ठरावीक गुण जमले तरच 'कॅस'ची, म्हणजे बढती योजनेची, फाईल पुढे सरकायची, आणि ती सरकली तरच वरची वेतनश्रेणी मिळायची.

निर्णय घेताना आकड्यांवर अति विसंबले की काय होते, हे समजून घेण्यासाठी यापेक्षा सोयीचे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. हेतू चांगला होता, कोष्टक सर्वांसमोर उघड होते, त्यात सामील झालेली माणसे उच्चशिक्षित होती, आणि परिणाम दिसायला फार वर्षे थांबावे लागले नाही.

हेतू खरोखरच चांगला होता, आणि टीका करताना तो विसरणे अन्यायाचे ठरेल. त्याआधी नोकरीची वर्षे, गोपनीय अहवाल, एखाद-दुसरा उजळणी वर्ग आणि मुलाखत एवढ्यावर बढती ठरत असे. गोपनीय अहवाल लिहिणारे प्राचार्य, संस्थाचालक आणि मुलाखत घेणारी समिती यांच्या मर्जीला त्यात मोठे स्थान होते. ज्याचा कोणी वाली नाही अशा तालुक्याच्या गावातील शिक्षकाने मन लावून काम केले असले, तरी ते दाखवायला त्याच्या हातात कागद नसे. आकड्याचे आकर्षण नेमके इथे असते. तो ओळखपाळख विचारत नाही, आडनाव पाहत नाही, आणि निर्णयाला न्यायालयात आव्हान मिळाले तर पुढे करता येतो. ज्यांचा निवड समित्यांवर विश्वास उरलेला नाही त्यांना कोष्टक हवेसे वाटते, आणि आपल्याकडचा तो अविश्वास काही विनाकारण निर्माण झालेला नव्हता.

आकडा नेमके काय मोजतो याचा विसर पडला की अडचण सुरू होते. आयोगाला हवी होती ती गुणवत्ता, म्हणजे विषयाची खोल समज, नवे काही शोधण्याची धडपड आणि त्यातून वर्गातले शिकवणे सकस होणे. हे थेट मोजण्याचे साधन कोणाकडेच नाही. म्हणून जे मोजता येते ते, म्हणजे छापून आलेल्या निबंधांची संख्या, तिच्या जागी बसवण्यात आले. चांगला संशोधक बहुधा निबंध लिहितो, हे खरे आहे. पण निबंध लिहिणारा प्रत्येक जण चांगला संशोधक असतो, असे त्यातून निघत नाही. शिवाय संख्या आणि गुणवत्ता यांचा जो काही संबंध होता, तो संख्येवर कोणाचा पगार अवलंबून नव्हता त्या काळात दिसलेला होता. तेव्हा लोक सांगण्यासारखे काही सापडले म्हणून किंवा लिहिण्याची हौस म्हणून लिहीत होते. पगार जोडला गेल्यावर लिहिण्याचे कारणच बदलले, आणि कारण बदलल्यावरही जुना संबंध तसाच टिकेल अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे होते.

हे निरीक्षण नवे नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाची चर्चा करताना असे मांडले होते की, एखाद्या सांख्यिकीय संबंधावर नियंत्रणाचा भार टाकला की तो संबंध ढासळू लागतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी त्याच दशकात, शाळांतील परीक्षांचे उदाहरण घेऊन, जवळजवळ हाच मुद्दा मांडला. मापच उद्दिष्ट बनले की ते चांगले माप राहत नाही, हे आज जिकडेतिकडे उद्धृत होणारे सुटसुटीत रूप मात्र मानववंशशास्त्रज्ञ मॅरिलिन स्ट्रॅदर्न यांचे आहे, आणि १९९७ च्या ज्या लेखात ते आले तो लेख ब्रिटिश विद्यापीठांच्या मूल्यमापन-पद्धतीविषयीच होता. म्हणजे एपीआय येण्याच्या तेरा वर्षे आधी, याच क्षेत्राबद्दलचा इशारा छापून झालेला होता.

ज्यांच्या घरी दुभती जनावरे आहेत त्यांना हे सांगायला परदेशी विद्वानांची गरज नाही. दुधाला लिटरवर भाव असला की दुधात पाणी पडते. म्हणून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) मोजून भाव देण्याची पद्धत आली, आणि गायीच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५ हे आकडे डेअरीवर जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ झाले. त्यावर भेसळ करणाऱ्यांनी फॅट वाढवायला तेल आणि एसएनएफ वाढवायला युरिया शोधून काढला. मात्र दुधाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ते शेवटी कोणीतरी पितो, नासले तर ओरड होते, आणि प्रत्येक नव्या भेसळीवर नवी चाचणी निघते. शोधनिबंध छापल्यावर कोणी वाचलाच नाही, तर भेसळ उघडकीस यायला वाटच उरत नाही.

आणि तो वाचला जाऊ नये अशीच व्यवस्था उभी राहिली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या प्रकाशकांना अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 'प्रेडेटरी', म्हणजे सावजाच्या शोधात असलेले, हे विशेषण लावले ते २०१० च्याच सुमारास. आपल्याकडे अशा प्रकाशकांना गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागले नाही. नियमानेच ते दाराशी आणून उभे केले होते. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर येणारा निरोप साधारण असा असतो: आंतरराष्ट्रीय, बहुविद्याशाखीय, पीअर रिव्ह्यूड नियतकालिक, इंपॅक्ट फॅक्टर सहा की सात पूर्णांक काहीतरी, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत, मराठी, हिंदी, इंग्रजी कोणतीही भाषा चालेल, निबंध पाठवण्याची अंतिम तारीख येता रविवार, अंक प्रसिद्ध होणार मंगळवारी, फी हजार-दीड हजार, सहलेखकाला स्वतंत्र प्रमाणपत्र हवे असल्यास वेगळे पैसे, रक्कम ऑनलाइन भरून स्क्रीनशॉट टाकावा. असा अंक हातात घेतला तर तुकारामांच्या अभंगांतील पर्यावरणविचार, कांदा निर्यातीतील अडचणी, जीएसटीचा किरकोळ व्यापारावरील परिणाम, कबड्डीपटूंची श्वसनक्षमता आणि नॅनोकणांची निर्मिती हे सगळे एकाच मुखपृष्ठाखाली नांदताना दिसते. मराठी निबंधांतील जोडाक्षरे फाँट बदलताना फुटलेली असतात आणि ती तशीच छापली जातात, यावरून छापण्यापूर्वी कोणाची नजर त्यावरून फिरली असावी याचा अंदाज येतो. रविवारी आलेला मजकूर मंगळवारी छापायचा, तर मधल्या सोमवारी तुकाराम, कांदा आणि नॅनोकण या तिन्हींचे परीक्षण कोणी उरकले, हे संपादक मंडळाला विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही, पण आपला वाटा मोठा आहे. फिनलंडमधील शेन आणि ब्यॉर्क या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, अशा नियतकालिकांतील निबंधांची संख्या २०१० मध्ये सुमारे ५३ हजार होती, ती २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजार झाली. त्यांचे लेखक आणि प्रकाशक यांत भारताचा क्रमांक पहिला होता. ही वाढ एकट्या एपीआयमुळे झाली असे म्हणता येणार नाही, कारण त्याच वर्षांत ऑनलाइन प्रकाशन स्वस्त झाले होते. पण स्वस्त झालेला पुरवठा आणि सक्तीने निर्माण केलेली मागणी यांची गाठ नेमक्या त्याच काळात पडली.

आता असा शोधनिबंध ज्या टेबलावर पोहोचतो तिथे काय होते ते पाहावे. छाननी समितीसमोर स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड फाईल येते. प्रत्येक शोधनिबंधामागे तीन-चार झेरॉक्स असतात: नियतकालिकाचे मुखपृष्ठ, आयएसएसएन क्रमांकाचे पान, अनुक्रमणिकेत स्वतःच्या नावावर ओढलेली हायलायटरची पिवळी रेघ, आणि निबंधाचे पहिले पान. समितीचे सदस्य क्रमांक जुळतो का, वर्ष जुळते का, सहलेखक किती, हे पाहून गुणांची बेरीज तपासतात. निबंधात काय म्हटले आहे हे पाहण्याचे कारण त्यांना पडत नाही, कारण तुकारामांविषयीचे प्रतिपादन बरोबर असले तरी गुण तेवढेच आणि चुकीचे असले तरी तेवढेच. माझ्या मते या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान हेच आहे. बोगस नियतकालिके पकडता येतील. पण एखाद्याच्या कामाबद्दल मत देण्यासाठी ते काम वाचावे लागते, ही सवयच या पद्धतीने मोडून काढली. जाणकाराकडे असलेला निर्णय बेरीज करणाऱ्याकडे गेला, आणि बेरीज कोणालाही करता येत असल्यामुळे जाणकार असण्याचे महत्त्व कमी झाले.

शिकवण्याचे काय झाले, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. अध्यापनाच्या गटाला १२५ गुणांची कमाल मर्यादा होती आणि किमान ७५ हवे होते. हे गुण शिक्षकाने स्वतःच्या तक्त्यात भरायचे आणि महाविद्यालयाने तपासायचे. तासिका किती घेतल्या, परीक्षेची कामे किती केली, यांची नोंद त्यात होई. ज्या तासाला मुले कान टवकारून बसली आणि ज्या तासाला मागच्या बाकावरची मुले मोबाइलमध्ये रमली, ते दोन्ही तास तिथे सारखेच. साहजिकच बहुतेकांचे आकडे किमान मर्यादेच्या वरच निघत, आणि सर्वांचे आकडे सारखे निघाले की त्या गटाचा निर्णयाला उपयोग उरत नाही. फरक पडायचा तो संशोधनाच्या गटात, जिथे कमाल मर्यादा नव्हती. पदवीच्या वर्गाला उत्तम शिकवणे हेच ज्यांचे खरे बलस्थान होते अशा कितीतरी शिक्षकांनी मग संध्याकाळी उद्याच्या तासाची तयारी बाजूला ठेवून आयएसएसएनवाल्या अंकासाठी मजकूर जमवला. यात त्यांना दोष देणे मला अवघड वाटते. व्यवस्थेने काय मोजले जाणार हे स्पष्ट सांगितले होते, आणि त्यांनी ते ऐकले.

एक आकडा एकटा राहत नाही, हेही इथे दिसले. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या मूल्यांकनात दर शिक्षकामागे किती निबंध प्रसिद्ध झाले आणि किती चर्चासत्रे घेतली, हे विचारले जाते. म्हणून महाविद्यालय राष्ट्रीय चर्चासत्र भरवते. त्यात वाचलेले निबंध कोणत्या तरी नियतकालिकाचा 'विशेषांक' म्हणून छापले जातात. त्यामुळे सहभागी शिक्षकाला निबंधवाचनाचे प्रमाणपत्र आणि प्रकाशनाचे श्रेय मिळते, महाविद्यालयाला नॅकचे रकाने भरता येतात आणि प्रकाशकाला एकगठ्ठा काम मिळते. सगळ्यांचे आकडे वाढतात आणि कोणाचेही नुकसान होत नाही, निदान कागदावर तरी. चहापानानंतरच्या सत्रात सभागृह निम्मे रिकामे असते, कारण प्रमाणपत्रे सकाळीच वाटून झालेली असतात.

यावर असे म्हटले जाते की निबंधांची नुसती संख्या मोजणे हीच चूक होती, त्यांचा दर्जा मोजायला हवा होता. आणि दर्जा म्हटले की इंपॅक्ट फॅक्टर पुढे येतो. तो काय आहे हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तो ज्या आत्मविश्वासाने वापरला जातो तेवढा भार तो पेलू शकत नाही. अमेरिकेतील माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड यांनी ही कल्पना पुढे आणली ती संदर्भसूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्याच्या गरजेतून, आणि पुढे ग्रंथपालांना वर्गणीचे निर्णय घेताना तिचा उपयोग झाला. गणित सोपे आहे. एखाद्या नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून १०० निबंध छापले आणि २०२४ मध्ये इतर निबंधांनी त्यांचा ३०० वेळा संदर्भ घेतला, तर २०२४ चा इंपॅक्ट फॅक्टर ३. आता समजा, त्या १०० पैकी दहा निबंधांनाच २५० संदर्भ मिळाले. मग उरलेल्या ९० निबंधांच्या वाट्याला सरासरी अर्ध्याहून थोडा अधिक संदर्भ येतो, पण त्यांचे लेखकही 'इंपॅक्ट फॅक्टर ३ असलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध' असेच सांगणार. हे उदाहरण मुद्दाम फुगवलेले नाही. 'नेचर'सारख्या साप्ताहिकाने २००५ मध्ये स्वतःच लिहिले होते की, त्यांच्या आदल्या वर्षीच्या आकड्यातील ८९ टक्के वाटा केवळ २५ टक्के निबंधांचा होता. नियतकालिकाच्या सरासरीवरून एका निबंधाची किंमत ठरवायची आणि निबंधावरून माणसाची, अशी ही दुहेरी उडी आहे.

या आकड्याचीही भेसळ होते. ब्राझीलमधील चार वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकमेकांच्या नियतकालिकांचे संदर्भ ठरवून देत असल्याचे उघड झाले आणि २०१३ मध्ये त्यांचे इंपॅक्ट फॅक्टर निलंबित करण्यात आले. तिथले सरकारी मूल्यमापन पदव्युत्तर अभ्यासक्रमांची प्रतवारी याच आकड्यावर करत होते, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. आपल्याकडे एवढा खटाटोपही करावा लागला नाही, कारण पैसे घेऊन हवा तो इंपॅक्ट फॅक्टर बहाल करणाऱ्या संस्थाच निघाल्या, आणि वरच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपातील तीन दशांश स्थळे तिथूनच आलेली असतात.

व्यक्तीसाठी वापरला जाणारा एच-निर्देशांक २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी सुचवला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले आहेत त्याचा निर्देशांक २०. तो इंपॅक्ट फॅक्टरपेक्षा बरा आहे, पण कमी आणि मोलाचे लिहिणाऱ्याला तो ओळखत नाही. पीटर हिग्ज यांनी १९६४ मधील मूलगामी कामानंतर दहाहूनही कमी निबंध प्रसिद्ध केले, आणि २०१३ चे नोबेल मिळाले तेव्हा आजच्या विद्यापीठात आपण पुरेसे 'उत्पादक' ठरलो नसतो असे सांगितले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचे आहे. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांना १९४९ मध्ये सापडला. त्यांचे बरेचसे लेखन फारशा परिचित नसलेल्या नियतकालिकांत आणि स्वखर्चाने काढलेल्या पुस्तिकांत विखुरलेले होते, आणि जगभर नाव झाले ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर. स्वखर्चाच्या पुस्तिकेला कोणत्याही कोष्टकात रकाना नसतो. मराठीत लिहिल्या जाणाऱ्या साहित्य, इतिहास आणि भाषाविषयक संशोधनाची स्थितीही फार वेगळी नाही. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचींच्या गणतीत ते जवळजवळ येतच नाही.

आयोगाला धोका कळला नाही असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली, तीत ३८ हजारांहून अधिक नावे होती. त्यातील विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नावांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नसलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ३४.५ टक्के पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारख्या मूलभूत माहितीतच नापास झाली, आणखी ५२.३ टक्क्यांनी आयएसएसएन, इंपॅक्ट फॅक्टर अशा गोष्टींबाबत खोटी माहिती दिलेली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रताच संशयास्पद होती. अशी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके सुमार दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही नावे कोणा परक्याने घुसडलेली नव्हती. विद्यापीठांनीच ती सुचवली होती, हे मला त्या ८८ टक्क्यांहून अधिक बोचते. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे पुणे विद्यापीठातील केंद्राच्या मदतीने 'यूजीसी-केअर' यादी तयार झाली आणि जून २०१९ पासून लागू झाली. तिच्यातील नियतकालिकांची हुबेहूब नकली संकेतस्थळे काढून लेखकांकडून पैसे उकळण्याचा नवा धंदा लवकरच सुरू झाला, आणि नकली नियतकालिकांची वेगळी यादी ठेवावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून आणण्याची २०१६ ची सक्ती त्याआधीच, २०२२ च्या विनियमांत, काढून टाकण्यात आली होती.

या क्रमात एक तर्क आहे. प्रत्येक वेळी बिघडलेल्या मापावर दुसरे माप बसवले गेले, आणि दुसऱ्या मापालाही पगार जोडलेला असल्यामुळे तेही त्याच वाटेने गेले. यादीतले नाव हासुद्धा शेवटी आकडाच आहे, फक्त त्याची किंमत शून्य किंवा एक एवढीच असते.

इतर क्षेत्रांत याचे परिणाम अधिक गंभीर होतात, म्हणून दोन उदाहरणे थोडक्यात. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना २००४ च्या अखेरपर्यंत तातडीच्या विभागातील ९८ टक्के रुग्णांचा निकाल चार तासांच्या आत लावण्याचे उद्दिष्ट दिले गेले. प्रतीक्षा खरोखर कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण विभागातून बाहेर हलवलेल्या रुग्णांच्या संख्येचा आलेख काढला की चार तास भरण्याच्या आधीच्या काही मिनिटांत तो एकदम उसळी घेताना दिसे. आणि घड्याळ रुग्ण आत आल्यावर सुरू होत असल्यामुळे काही ठिकाणी रुग्णवाहिका बाहेरच थांबवून ठेवल्या गेल्या. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 'केस' आणण्याचा कोटा प्राथमिक शिक्षकांवरही लादला गेला होता, आणि त्या पिढीतील शिक्षकांच्या घरी तो शब्द आजही ओळखीचा आहे. कुटुंबनियोजनातील ही उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे मागे घेतली गेली ती एप्रिल १९९६ मध्ये.

म्हणून आकडे टाकून द्यावेत, असे मी म्हणत नाही. एखाद्या विभागातून दहा वर्षांत एकही निबंध निघाला नसेल, तर तो शून्य बरेच काही सांगतो आणि तो विचारलाच पाहिजे. आकडा चौकशी सुरू करायला उपयोगी पडतो; त्याने चौकशी संपवायची नसते. त्यावर बक्षीस किंवा शिक्षा जितकी थेट अवलंबून असेल तितका तो लवकर नासतो, त्यामुळे स्वतःच्या कामाकडे पाहण्यासाठी ठेवलेला आकडा आणि वेतनश्रेणीला बांधलेला आकडा हे एकाच रकान्यात लिहिले जात असले, तरी त्यांवर सारखा विश्वास ठेवता येत नाही. माणसाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इंपॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्र सांगते, आणि जगभरातील अनेक विद्यापीठांनी व निधी देणाऱ्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

पर्याय काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर खर्चिक आहे. ब्रिटनने २०१४ च्या राष्ट्रीय संशोधन-मूल्यमापनात परीक्षकांना इंपॅक्ट फॅक्टर वापरण्यास मनाई केली आणि निबंध वाचायला लावले. सुमारे ५२ हजार प्राध्यापकांची १ लाख ९१ हजार प्रकाशने विषयवार समित्यांसमोर आली, आणि या सगळ्या उपक्रमाचा खर्च सुमारे २४.६ कोटी पौंड इतका काढण्यात आला. आपल्याकडे उच्च शिक्षणात १५ लाखांहून अधिक शिक्षक आहेत. ही पद्धत जशीच्या तशी इथे परवडणार नाही, आणि वाचायला बसलेली समिती वशिल्यापासून मुक्त असेलच याची हमी कोणी देणार नाही. आयोगाच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात गुणांची मोजदाद सोडून देऊन नऊ प्रकारच्या 'उल्लेखनीय योगदानां'कडे पाहण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हीच भीती अनेकांनी बोलून दाखवली: आकडे गेले की मर्जी परत येणार. भीती रास्त आहे. मात्र मर्जीला आवर घालण्याचा मार्ग बेरजेतूनच जातो असे नाही; मत देणाऱ्याला ते कारणांसह लिहून द्यायला लावणे आणि ते उमेदवाराला वाचायला देणे, हाही एक मार्ग आहे.

आणि त्यासाठी नवा कायदा लागतो असेही नाही. वरच्या पदांसाठी उमेदवाराची निवडक प्रकाशने मुलाखतीपूर्वी बाहेरच्या विषयतज्ज्ञांकडे मूल्यमापनासाठी पाठवण्याची तरतूद २०१० च्या त्याच विनियमांत होती. ती तपशिलाने राबवण्यापेक्षा गुणांचा तक्ता भरून घेणे सर्वांनाच सोपे गेले. पाच-सहा वर्षांतील स्वतः निवडलेले दोन निबंध, दुसऱ्या विद्यापीठातील दोन वाचक, प्रत्येकाचे एक पानभर लेखी मत आणि त्याची प्रत उमेदवाराला, एवढे केले तर एका बढतीमागे तज्ज्ञांचे मिळून एक-दोन दिवस लागतील. आज तेवढा वेळ झेरॉक्सची फाईल तयार करण्यात आणि तिच्यातील पानांवर क्रमांक टाकण्यातही जातो.